माझ्या पेशी नागपुरात जेवल्या

लोक नागपूरला संत्र्यांसाठी जातात, अधिवेशनासाठी जातात, सोयरीक जुळवायला जातात. मी गेले ती उंदराच्या कानाच्या कातडीसाठी. परत आल्यापासून शेजारच्या वहिनी विचारतायत, "काय काय बघितलंत हो?" मी "पेशी" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो आणि त्या भाजीकडे वळतात. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतेय. ज्यांना पेशींचं वाचायचं नसेल त्यांनी खाली रविवारचं, कुही गावच्या भातशेतांचं वाचावं. पण माझं ऐकाल तर पेशींचंच वाचा. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आधी माझं दुखणं सांगते. आपल्या कातडीत मूठभर पेशी अशा असतात की बाहेरून काहीही आत आलं, जंतू असो, काट्याचं टोक असो, की त्या ते गिळतात. शरीराच्या वेशीवरच्या राखणदारच म्हणा. मी पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी या पेशींवर पीएच.डी. करायची हौस मला आली. काम दिसायला सोपं. उंदराच्या कानाची कातडी सोलायची, तिच्यातून पेशी सुट्या करायच्या आणि त्यांना अंड्यातलं एक प्रथिन खाऊ घालायचं. त्या प्रथिनाला एक हिरवा रंग जोडलेला असतो. खास दिव्याखाली तो चमकतो. पेशीने खाल्लं की पोटात हिरवं चमकायला हवं.

माझ्या पेशी खात नव्हत्या. तीन वर्षं खात नव्हत्या! मेलेल्या पेशी ओळखायचा एक निळा रंग असतो, तो घालून बघावं तर पेशी जिवंत. पण अन्नाला तोंड लावतील तर शपथ. माझे मार्गदर्शक, त्यांना नुसतं सरच म्हणते, माणूस सज्जन. पण शेवटी तेही कंटाळले. म्हणाले, "बाई, मेलेल्या नाहीत, पण आजारी आहेत. तुमच्या हातात आल्या की आजारी पडतात." हे मला फार लागलं. आई म्हणायची माझ्या हाताला गुण आहे, मी लावलेली मिरचीसुद्धा वाळत नाही. आणि इथे तीन वर्षं पेशी आजारी!

सरांनी शेवटचा उपाय काढला. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत एक बाई आहेत, त्यांच्या हातच्या पेशी हटकून खातात, असं त्यांच्या कानावर होतं. "जा, डोळ्यांनी बघून या. पुढच्या गुरुवारी मला एकच उत्तर द्या. काम चालू ठेवायचं की विषय बदलायचा." विषय बदलायचा म्हणजे तीन वर्षं पाण्यात घालून पहिल्या पायरीवर उभं राहायचं, तेही चाळिशी ओलांडल्यावर. मी रजा टाकली, स्वेटर घेतला आणि निघाले. गेल्या डिसेंबरातली, शहाऐंशी सालची गोष्ट ही.

मंगळवार, सीताबर्डी

नागपुरात उतरले आणि पहिलाच फटका बसला. अधिवेशन चालू! एकाही लॉजमध्ये खोली नाही. दोन ठिकाणी आमदारांचे कार्यकर्ते कॉटखाली झोपलेत असं मला अभिमानाने सांगण्यात आलं. शेवटी बॅग घेऊन तशीच प्रयोगशाळेत गेले. दारात एक सावळी, उंच, पन्नाशीची बाई पांढऱ्या कोटावर शाल घेऊन उभी होती. या सुमनताई मेश्राम. हुद्दा तंत्रज्ञाचा, पण विभागातले डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून पेशींच्या बशीला हात लावतात हे मला तासाभरात कळलं.

मी खोलीचं रडगाणं गायला सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"राहाचं काय टेन्शन घेता मॅडम, माझं घर आहे ना जी. आधी खा. बोलनं काही पळून नाही जात."

कोपऱ्यावरच्या टपरीवरून त्यांनी आधीच पोहे मागवून ठेवले होते. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर तेलाचा तवंग. मी म्हटलं, "नको, आत्ता नको, जरा वेळाने." खरं सांगायचं तर आम्हा कोकणातल्या लोकांना तशी सवयच नाही. आमच्या गावी पाहुणा आला की आधी पायांवर पाणी, मग गूळ-पाणी, मग ओटीवर जरा पडू द्यायचं. प्रवासाचा शीण उतरला की मग पान वाढायचं. अंगावर गाडीची धूळ असताना जेवायला बसवणं आमच्याकडे कुणाला सुचायचंही नाही.

सुमनताईंचा हात थांबला. त्या माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "काहून जी? आमच्या हातचं चालत नाही काय तुम्हाले?"

माझे कान तापले. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा ही बाई विशीची, वडिलांबरोबर मैदानात उभी होती, हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मी काय बोलले आणि ते कुठे जाऊन लागलं. मी पुढचा शब्द न बोलता बशी ओढली आणि पहिलाच घास तर्रीत बुडवून घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडाला आग! तशाच अवस्थेत मी त्यांना गूळ-पाणी आणि ओटी समजावून सांगितली. त्या हसायला लागल्या ते थांबेचनात. "अवो बाप्पा! मंजे पाहुना उपाशी झोपवता तुम्ही? आमच्या इकडे तर बॅग खाली ठेवाच्या आंधी ताट येते." पोहे मी संपवले. दुपारपर्यंत जिभेला चव नव्हती, पण मन हलकं झालं होतं.

मग त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं. आमच्या पुण्याच्या मानाने प्रयोगशाळा साधीच. पेशी उबदार ठेवायचं यंत्र होतं, पण त्यांना हवा लागते ती विशिष्ट, आणि त्यासाठी लागणारी सिलिंडरं इथे नव्हती. सुमनताई काय करतात, तर काचेच्या मोठ्या बरणीत बश्या ठेवतात, आत एक मेणबत्ती लावतात आणि झाकण घट्ट बसवतात. मेणबत्ती हवा खात खात आपोआप विझते, आणि उरते ती हवा पेशींना मानवते. मी मनात नाक मुरडलं. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काळ्याकुट्ट अंधारात हिरवे ठिपके. एका पेशीत किती तरी. कुणी पोट भरून जेवलंय हे बघणाऱ्याला लगेच समजावं इतके. तीन वर्षं मी जे स्वप्नात बघत होते ते इथे मेणबत्तीच्या बरणीत सहज झालं होतं. मी डोळा काढला नाही, कारण काढला असता तर सुमनताईंना ओले डोळे दिसले असते आणि या वेळी तर्रीवर ढकलता आलं नसतं.

बुधवार ते शुक्रवार

बुधवारी त्या म्हणाल्या, "आता तुम्ही करा. मी हात नाही लावत, निस्ती बसते."

मी कान सोलले, कातडी रसायनात तरंगवली, वरचा पापुद्रा सोडवला, पेशी सुट्या केल्या. सुमनताई खुर्चीवर बसून स्वेटर विणत होत्या आणि एक डोळा माझ्यावर. पेशी बशीत आल्या तशी मी बशी बरणीत ठेवायला निघाले.

"हे काय करून राहिल्या जी?"

"विश्रांतीला ठेवते. दोन रात्री."

"काहून झोपवता त्यांले? आत्ताच कातडीतून ओढून काढल्या, उपाशी असतीन बिचाऱ्या. आता खाऊ घाला ना!"

मी वाद घातला. मी वाद घालतेच, तो माझा स्वभाव. म्हटलं, रसायनात घुसळून निघालेल्या पेशी अंगभर दुखावलेल्या असतात. त्यांना शांत पडू द्यावं, अंग भरून येऊ द्यावं, मग खायला द्यावं. शिवाय आमच्याकडे उंदीरघर दुपारी उघडतं आणि चमक दाखवणारा सूक्ष्मदर्शक दुसऱ्या विभागात, दिवसाआड सकाळी मिळतो. त्यामुळे दोन रात्री हे आमचं ठरूनच गेलेलं.

सुमनताईंनी सुया खाली ठेवल्या. "तीन वर्षं असंच करता?"

"तीन वर्षं."

"आमच्या इथे तर रात्रभर कोनी ठेवतच नाही. काढल्या, खाऊ घातल्या, पाहिल्या, मोजल्या, संपलं. दुसऱ्या दिवशी त्या कशा दिसते, मले नाही माहीत."

आमच्या दोघींच्या मध्ये दोन रात्री होत्या आणि त्या दोन रात्रींत काय होतं हे ना त्यांना माहीत, ना मला. मग एकाच उंदराच्या, माझ्याच हातच्या पेशी आम्ही दोन बश्यांत वाटल्या. एका बशीला लगेच हिरवं प्रथिन दिलं. दुसरी माझ्या पद्धतीने बरणीत झोपवली.

पहिली बशी त्याच दुपारी बघितली. हिरवी! माझ्या हातच्या पेशी, नागपुरात का होईना, जेवल्या होत्या. मी सुमनताईंना मिठीच मारली आणि त्यांची शाल माझ्या बांगडीत अडकली.

दुसऱ्या बशीला शुक्रवारी सकाळी प्रथिन दिलं. अंधार. एखाददुसरा मिणमिणता ठिपका, बाकी काही नाही. हात तोच, उंदीर तोच, बरणी तीच. म्हणजे माझ्या हाताला दोष नव्हता! एवढं कळल्यावर खरं तर मी नाचायला हवं होतं, पण मला उलट राग आला. त्या दोन रात्रींचा राग. म्हटलं, झोपून झोपून आजारीच पडतात की काय या बया?

सुमनताई बराच वेळ साध्या उजेडात तीच बशी बघत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, या आजारी नाही दिसत. पाहा बरं."

मी बघितलं. आणि इथे माझी लेखणी अडखळते, कारण तीन वर्षं मी या पेशींना फक्त चमक आहे की नाही एवढंच विचारलं होतं. त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. कातडीतल्या बाकीच्या साध्या पेशी तळाला चिकटून आक्रसत चालल्या होत्या. या मात्र वर तरंगत होत्या, पहिल्या दिवसापेक्षा मोठ्या, आणि प्रत्येकीच्या अंगावरून पातळ पदर सुटले होते. नुसते सुटले नव्हते, ते हलत होते. एक पदर हळू उलगडायचा, पसरायचा, मागे यायचा, तोवर दुसऱ्या बाजूने दुसरा निघायचा. आजारी जीव असा हातपाय पसरून फिरत नाही हो. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मान अवघडली तेव्हा भान आलं.

"मंग खात काहून नाही?" सुमनताई म्हणाल्या.

"खातच नाहीत की खाऊन झालंय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते बघायचा एकच मार्ग होता. सुमनताईंच्या कपाटात लाल चमकणारा दुसरा रंग होता. शुक्रवारी दुपारी नव्या पेशी काढल्या, त्यांना लगेच हिरवं खाऊ घातलं, धुतलं आणि बरणीत ठेवलं. सोमवारी त्यांनाच लाल द्यायचं. लाल पोटात दिसलं नाही तर कळेल की एकदा जेवलेली तीच पेशी नंतर तोंड मिटून घेते. मेणबत्ती लावली, झाकण बसवलं. मग वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं, आणि वाट बघणं मला अजिबात जमत नाही.

रविवार, कुही

माझी घालमेल बघून सुमनताईंनी रविवारी मला त्यांच्या आईकडे नेलं. कुहीच्या पलीकडे एस.टी.ने, मग थोडं पायी. मी विदर्भ म्हणजे कापूस असं भूगोलाच्या पुस्तकातून शिकलेली. आणि इथे जिकडे बघावं तिकडे भात! आमच्या कोकणात डोंगर उतरताना भाताची खाचरं कशीबशी पाय टेकून उभी असतात. इथे सपाट जमीन, तिच्यावर बांध घालून केलेल्या चौकोनी बांध्या थेट आभाळाला टेकलेल्या, आणि मध्ये मध्ये पाण्याच्या लहान तळ्या. त्यांना इथे बोडी म्हणतात. धान कापून झालं होतं, ठिकठिकाणी गंज्या लागल्या होत्या आणि कापलेल्या धसकटांतून लाखोळी नावाच्या कडधान्याची कोवळी पानं वर आली होती. थंड ऊन होतं. एक बगळा बोडीच्या काठाला इतका स्थिर उभा होता की मला वाटलं कुणी पुरून ठेवलाय.

त्या बगळ्याकडे बघत चालले आणि बांधावरून सरळ खाली चिखलात बसले! एकुलती एक बरी साडी, कमरेपर्यंत काळी. सुमनताई हात द्यायचं सोडून पोट धरून हसत होत्या.

घरी त्यांच्या आईने मला आत नेलं, माझ्या अंगावरची साडी उतरवून स्वतःचं हिरवं लुगडं दिलं. पंचाहत्तरीची बाई, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. मी पोलकं बदलत असताना माझ्या दंडावरचा देवीच्या लसीचा वण त्यांना दिसला. त्यांनी बोटाने तो चाचपला, मग स्वतःचा दंड पुढे केला. तिथेही तसाच वण.

"तुलेबी टोचली होती वं?"

"हो, लहानपणी."

"मले एक सांग माय. तू मोठी शिकली म्हनते सुमन. मी लय जनाईले इचारलं, कोनीच धड सांगत नाही. देवी टोचली दंडाले. दंडाले समजलं, ठीक आहे. मंग मले मांडीवर, तोंडावर, कुठीच देवी नाही आली. आमच्या गल्लीत तर भल्ली आली होती, माही धाकटी बहीन गेली तिच्यात. तिले टोचली नोती. मंग माह्या दंडाचं सगळ्या आंगाले सांगाले कोन गेलं?"

वर्गात मी हे दर वर्षी शिकवते. रक्तात अमुक तयार होतं, तमुक वाढतं, काखेतल्या गाठी सुजतात. पण म्हातारीने विचारलं होतं ते हे नव्हतंच. कातडीत घडलेलं आत सांगायला जातं कोण? कुणीतरी उठून गेल्याशिवाय बातमी जाईल कशी? आणि जाणारीने वाटेत दिसेल ते खात सुटून कसं चालेल?

लुगडं अर्धवट नेसलेली मी तशीच ओट्यावर सुमनताईंकडे धावले. "सुमनताई, त्या पेशी आजारी नाहीत! त्या निघाल्यात! खाणं संपवून सांगायला निघाल्यात!"

सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "लुगडं सांभाळा आंधी."

जेवायला पाटवडीचा रस्सा, लाखोळीची भाजी, भात. आमच्याकडच्या उकड्या तांदळापेक्षा इथला तांदूळ बारीक, पण वास असा की नुसता भातच खावा. रस्सा तर्रीहून जहाल. म्हातारी पुन्हा पुन्हा वाढत होती आणि मी काय खाल्लं मला कळलंच नाही. मनात एकच गोष्ट चालली होती. माझं म्हणणं खरं असेल तर ते दाखवता यायला हवं. म्हातारीचं तोंडी बोलणं सरांना चालणार नव्हतं, मलाही नाही. सुमनताई हात धुता धुता म्हणाल्या, "सांगाले गेल्या असतीन तर आयकनारे बी पायजे ना जी. उद्या आयकनारे देऊ त्यांले."

सोमवार

सकाळी बरणी उघडली. मेणाचा वास आला. पेशींना लाल रंगाचं प्रथिन दिलं, तासाभराने धुतलं, अंधाऱ्या खोलीत गेलो. आधी मला बघू द्या असं दोघीही म्हणालो नाही. सुमनताईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

पहिल्या दिव्यात हिरवं दिसलं. थोडं फिकट, पण होतं, शुक्रवारचं जेवण अजून अंगात. मग दिवा बदलला, लाल बघायचा. आणि अंधार! तीच पेशी, तोच पदर, हलतोय, जिवंत आहे, आणि आत लालचा एक कणही नाही. पुन्हा हिरवं बघितलं, आहे. पुन्हा लाल, नाही. मी दहा वेळा दिवा फिरवला असेल. शुक्रवारी दिसेल ते आत घेणारी ही पेशी आज समोर ठेवलेल्या अन्नाकडे बघत नव्हती. कुणी शिकवलं तिला? तिला ना डोळे, ना डोकं. कातडीत होती तोवर राखण केली, कातडी सुटली तसं तिने ओळखलं की आता राखणीचं काम संपलं. मग स्वतःचं तोंड स्वतः मिटलं आणि जे आत घेतलं होतं तेच जपून ठेवलं.

मी देवभोळी नाही. पण त्या खोलीत मला कुणासमोर तरी हात जोडावेसे वाटले, आणि समोर सुमनताईच होत्या.

दुपारी त्यांनी ऐकणारे आणले. हेच अंड्याचं प्रथिन ज्याला त्यांनी पूर्वी दुसऱ्या कामासाठी टोचून ठेवलं होतं, त्या उंदराच्या गाठींतल्या, त्या प्रथिनाची आधीच ओळख झालेल्या लहान लहान गोल पांढऱ्या पेशी. त्या आम्ही दोन बश्यांत सोडल्या. एका बशीत माझ्या न खाणाऱ्या, पदरवाल्या पेशी. दुसरीत त्यांच्याशिवाय. ही तुलना सुमनताईंनीच सुचवली. मला घाईत सुचली नसती हे कबूल करते.

मंगळवार

दुसऱ्या बशीत गोल पेशी जिथल्या तिथे विखुरलेल्या. काही नाही.

पहिली बशी ठेवली. आणि अहो, काय सांगू! प्रत्येक पदरवालीभोवती गोल पेशींचा घोळका. दहा, वीस, मोजता येईनात इतक्या, तिच्या अंगाला, पदरांना चिकटून, एकमेकींच्या अंगावरून वाकून. काही गोल पेशी फुगून मोठ्या झाल्या होत्या. बशी हलवली तरी घोळका सुटेना. बशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी सरकत गेले आणि जिथे जिथे ती होती तिथे तिथे गर्दी होती. कातडीत राखणीला बसणारी ही, आता तिच्यासमोर सगळी सभा गोळा झाली होती आणि ती सगळे पदर पसरून मधोमध उभी होती.

सुमनताईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळा न काढताच म्हणाल्या, "माय वं... एवढं सारं होते दुसऱ्या दिवशी. अन् मी वीस वर्षं मोजून झाल्याबरोबर फेकून राहिली होती."

आणि मीही फेकतच होते. दर आठवड्याला, तीन वर्षं, या अशाच पेशी, आपलं काम चोख करून पुढच्या कामाला निघालेल्या, अंगभर पदर सोडून वाट बघत असलेल्या. मी त्यांना विचारत होते खाता का, त्या खात नव्हत्या, मी त्यांना आजारी म्हणून वहीत लिहीत होते आणि कोपऱ्यातल्या मोरीत ओतत होते. एकही आजारी नव्हती. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. सुमनताईंनी रडू दिलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग त्याच म्हणाल्या, "चला जी, तुमच्या सरले फोन करू."

सीताबर्डीच्या पोस्टात ट्रंककॉल लावला. अधिवेशनामुळे तिथेही ही गर्दी. दीड तासाने नाव पुकारलं. मी आत गेले, सुमनताई काचेच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

सरांचा आवाज लांबून आला. "बोला बाई. खाल्लं का तुमच्या पेशींनी?"

"नाही सर. लगेच दिलं तर खातात. दोन रात्रींनी नाही खात."

"म्हणजे तिथेही आजारी पडतात?"

"आजारी नाहीत सर. त्यांचं खाऊन झालेलं असतं. मग त्या सांगायला निघतात. मी बघितलं. ऐकायला बाकीच्या पेशी भोवती गोळा होतात, बशीभर." आणि मी भडाभडा सगळं सांगितलं, हिरवं, लाल, घोळके, मेणबत्ती, कुहीच्या म्हातारीचा दंडसुद्धा. बाहेर देशांतही काही जणांना हेच दिसायला लागलं होतं हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला वाटत होतं जगात हे फक्त आम्हा दोघींनाच माहीत आहे.

मला वाटलं लाईन गेली. "सर?"

"ऐकतोय." मग अगदी हळू म्हणाले, "बाई, त्या टाकायला मीच सांगायचो तुम्हाला."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"इकडे येऊ नका आत्ता," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "आणखी पंधरा दिवस तिथेच राहा. मी तिकिटाचं बघतो. पुन्हा करा, चार वेळा करा. मेश्रामबाईंचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहा. आणि बाई, एक थेंबही टाकू नका."

फोन ठेवून बाहेर आले. सुमनताईंनी विचारलं, "काय म्हने?" मी सांगितलं. शेजारशेजारच्या नावाचं सांगितलं तेव्हा त्यांनी शाल डोक्यावरून घेतली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. मग पोस्टातल्या दोरी बांधलेल्या पेनाने मी उभ्या उभ्याच रजा वाढवायचा अर्ज लिहिला.